स्वस्त बाटलीची अब्रू

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याच्या गोष्टी करणे म्हणजे फराळाच्या ताटात आमरसाची वाटी मांडण्यासारखे आहे, हे मला कळते. पण नाशिककडच्या एखाद्या द्राक्षबागाईतदाराला विचारून पाहा. तो म्हणेल, उन्हाळ्याची तयारी आत्ताच तर सुरू होते! एप्रिलात वेलींची 'खरड छाटणी' झालेली असते. आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास तो पुन्हा कात्री घेऊन बागेत उतरतो, तो 'गोडी छाटणी' करायला. काय सुरेख शब्द आहे! कोशकारांच्या कुठल्याही मंडळाला तो सुचला नसता. या छाटणीनंतर फुटलेल्या काडीवर घड धरतात, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान ते उतरवले जातात, आणि त्यातल्या काही जातींचा रस आंबवून त्याची पांढरी वाईन होते. तेव्हा मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी अलिबागेला किंवा पाचगणीला निघालेल्या कुटुंबाच्या पिशवीत जी बाटली असते, तिचे भवितव्य अशाच एखाद्या दिवाळीत ठरलेले असते. मग दिवाळीत तिच्याविषयी दोन शब्द बोलले तर काय बिघडले?

ज्या घरांत या पदार्थाला उंबरठा ओलांडू देत नाहीत त्या घरांविषयी मला पूर्ण आदर आहे. त्यांनी खुशाल पान उलटावे. राशिभविष्य पुढे कुठेतरी असेलच. पण ज्या घरांत तो आता अधूनमधून येतो, तिथेही तो सरळ मान वर करून येत नाही. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता ते आठवा. आपल्या मध्यमवर्गीय मनाला या बाटलीचा एक नव्हे, दोन संकोच वाटतात. पहिला, ती आपल्या घरात आहे याचा. आणि तो एकदाचा गिळला की दुसरा, ती स्वस्तातली आहे याचा!

आमच्या ओळखीचे एक अर्थशास्त्राचे प्राध्यापक आहेत. वर्गात ते उपयोगिता आणि किंमत यांतला फरक तासभर समजावून सांगतात. गेल्या उन्हाळ्यात ते, त्यांच्या सौभाग्यवती, मेहुणा आणि मेहुण्याची बायको अशी मंडळी दोन दिवस समुद्रकाठी जाणार होती. दुकानात त्यांनी नाशिकची एक साधी पांढरी बाटली उचलली, तोच बाईंनी हळूच कोपर मारले.

"अहो, दादासमोर ही ठेवायची? तो परदेशात जाऊन आलाय."

"अगं, पण चांगली असते ही."

"चांगली असेल हो. पण किंमत किती कमी आहे!"

झाले! अर्थशास्त्र तिथेच संपले. प्राध्यापकांनी मुकाट्याने तिप्पट किमतीची, पाच वर्षांपूर्वीचे साल छापलेली एक परदेशी बाटली घेतली. दोन दिवसांनी परत आल्यावर मी विचारले, "कशी काय होती?" तर म्हणाले, "भारदस्त होती. पण कोणी दुसरा पेला मागितला नाही."

या उत्तरातच आजच्या लेखाचा विषय आहे. बाईंचे काय चुकले? काटकसर करणे हा ज्यांचा स्वभाव, त्यांनाच पाहुण्यांसमोर काटकसर दिसू नये असे वाटते. ते अगदी माणसासारखे आहे. प्रश्न एवढाच की या एका बाबतीत 'महाग तितके चांगले' हा नियम लागू पडतो का?

त्यासाठी आधी ही वाईन होते कशी ते पाहू. पांढरी म्हणजे काही दुधासारखी पांढरी नव्हे. तिचा रंग फिक्या गवताचा, फार तर नुकत्याच कढवलेल्या तुपाचा. तांबड्या वाईनसाठी द्राक्षे सालींसकट आंबवतात; रंग आणि तुरटपणा दोन्ही सालींतून येतात. पांढरीसाठी द्राक्षे आधी दाबतात, साली बाजूला काढतात आणि नुसता रस आंबवतात. साध्या पांढऱ्या वाईनसाठी हे काम पोलादी टाक्यांत, टाक्या थंड ठेवून, सावकाश चालते. म्हणजे फळाचा वास उडून जात नाही. मग काही महिन्यांत ती बाटलीत भरतात आणि विकायला काढतात.

महागड्या बाटलीत याशिवाय काय असते? ओकच्या लाकडाची पिंपे असतात. ती मोलाची असतात. तळघरात वर्षानुवर्षे वाट पाहणे असते. त्या वाट पाहण्याचे व्याज असते. प्रसिद्ध गावच्या जमिनीचा भाव असतो, आणि नावाचा तर असतोच असतो. या सगळ्याला जिथे अर्थ आहे तिथे तो आहे. थंडीच्या रात्री, जड जेवणाबरोबर, शांतपणे आस्वाद घेणाऱ्याला ते पैसे वसूल झाल्यासारखे वाटतील. पण मे महिन्यात, दुपारचे ऊन उतरल्यावर, ओसरीवर पाय पसरून बसलेल्या माणसाला काय हवे असते? थंडावा, ताजेपणा आणि जिभेला जाग आणणारा थोडा आंबटपणा. लाकडाचा वास आणि जुनेपणाचे गांभीर्य त्याला नकोच असते. म्हणजे गंमत पाहा : ज्या गोष्टी वगळल्यामुळे ही बाटली स्वस्त झाली, नेमक्या त्याच गोष्टी उन्हाळ्यात नको असतात. तिचा स्वस्तपणा म्हणजे काही तिच्यातली उणीव नव्हे. साधा सुती सदरा जसा उन्हाळ्यात शालूपेक्षा सुखाचा, तसेच हे आहे.

आता निवडायची कशी? पहिली गोष्ट, साल पाहा. तांबड्या वाईनला सालींतला तुरटपणा टिकाव देतो. साध्या पांढरीपाशी तेवढी शिदोरी नसते. तिचा फळासारखा वास दोन-तीन वर्षांत विरून जातो. तेव्हा 'जुनी ती चांगली' ही म्हण इथे विसरावी आणि ताज्यात ताजे साल घ्यावे. यात एक बारकावा आहे. युरोपात द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात, आपल्याकडे पावसाच्या भीतीने हंगाम हिवाळ्यात धरावा लागतो. त्यामुळे एकच साल छापलेल्या दोन बाटल्यांत नाशिकची बाटली फ्रान्सच्या बाटलीपेक्षा सात-आठ महिन्यांनी वडील असते. मे महिन्यात गेल्या सालची नाशिकची बाटली मिळाली तर उत्तम. त्याच्या आदल्या सालची चालेल. त्यापलीकडची दुकानदाराला परत द्यावी.

दुसरी गोष्ट, दुकानात ती कुठे उभी आहे ते पाहा. काचेच्या खिडकीत उन्हात सजवून ठेवलेली बाटली कितीही देखणी दिसली तरी घेऊ नये. उष्णता आणि उजेड हे हिचे दोन शत्रू. रंग पिवळ्यावरून तपकिरीकडे झुकला असेल तर आत सफरचंदाची फोड उघडी राहून काळी पडावी तसे काहीतरी झाले आहे असे समजावे. आणि झाकण फिरकीचे असेल तर नाक मुरडू नये. बुचाने वाईन कधी कधी नासते, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास मारू लागते. फिरकीच्या झाकणाला ते भय नाही. शिवाय सुट्टीसाठी घेतलेल्या बंगल्यात ताटे, वाट्या, कॅरमची सोंगटी सगळे असते. बूच काढायचा स्क्रू तेवढा नसतो!

तिसरी गोष्ट, देश. परदेशातून येणाऱ्या वाईनवर आपल्याकडे वर्षानुवर्षे दीडशे टक्के सीमाशुल्क होते. त्याखेरीज जहाजभाडे आणि मधल्या दलालांचा वाटा. तिकडे जी बाटली साध्या कामकरी माणसाच्या रोजच्या जेवणातली, ती इथे येईपर्यंत सरदार होते. आपण द्राक्षाचे पैसे थोडे देतो आणि प्रवासाचे फार. उलट महाराष्ट्र सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि इथल्या वाईनला करात मोठी सवलत दिली. म्हणून हजार रुपयांच्या आतबाहेर इथली बाटली जे देते ते तेवढ्याच पैशात परकी सहसा देऊ शकत नाही.

हा उद्योग तसा नवा आहे. नारायणगावला १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी तो उभारला. पुढे अमेरिकेतली नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकला गंगापूर धरणाजवळ सुला सुरू केली आणि २००० साली पहिल्या बाटल्या बाहेर काढल्या. त्या दोन जातींच्या होत्या : शनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यो ब्लाँ. आज नाशिकच्या आसपास आणि सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडेही अनेकजण वाईन करतात; पण स्वस्त आणि पांढरी म्हटले की अजूनही मुख्यतः ही दोनच नावे समोर येतात. उच्चारांना घाबरू नये. दुकानदाराचाही उच्चार तसाच असतो.

दोन्ही जाती मूळच्या फ्रान्सच्या. शनँचे माहेर ल्वार नदीचे खोरे, पण आज तिचा सर्वांत मोठा संसार दक्षिण आफ्रिकेत आहे. नाशिकला ती पुष्कळदा किंचित गोडसर ठेवतात. पेरू, अननस, पिकलेले केळे अशा ओळखीच्या फळांचा वास तिला येतो. प्रथमच चव घेणाऱ्याला ती परकी वाटत नाही. सोव्हिन्यो तिच्या उलट : तरतरीत, आंबट, कापलेल्या हिरव्या गवताची आणि ढोबळ्या मिरचीची आठवण देणारी. न्यूझीलंडच्या मार्लबरो भागात ती १९७० च्या दशकात लावली गेली आणि तिथून जगभर गाजली. पहिली म्हणजे घरातली मनमिळाऊ मोठी सून, दुसरी म्हणजे हजरजबाबी धाकटी.

बाटलीवर 'ड्राय' असा शब्द असतो; त्याचे 'कोरडी' असे भाषांतर करणाऱ्याला मी नापास करीन. पातळ पदार्थ कोरडा कसा असेल? ड्राय म्हणजे बिनगोडीची. द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर आंबून गेलेली. आपल्याला वाटते, वाईनची चव ओळखायला परदेशी शिक्षण लागते. मुळीच नाही. पांढऱ्या वाईनचा कणा म्हणजे आंबटपणा. आणि आंबटपणाच्या बाबतीत मराठी जीभ कुणाला हार जाणार नाही. कैरीचा आंबटपणा वेगळा, चिंचेचा वेगळा, आमसुलाचा वेगळा, लिंबाचा वेगळा, ताकाचा वेगळा. हे ज्या गृहिणीला आमटीच्या एका थेंबावरून कळते, तिला दोन पेल्यांतला चांगला कोणता हे सांगायला कोणा पंडिताची गरज नाही. घोट घेतल्यावर तोंडाला पाणी सुटले आणि पुन्हा घोट घ्यावासा वाटला, तर ती चांगली. जीभ चिकट झाली किंवा घशाशी नुसती जळजळ उरली, तर ती नव्हे. कसोटी एवढीच.

खाण्याशी मेळ घालायचा तोही याच न्यायाने. तिखट पदार्थाबरोबर मद्यार्क जास्त असलेली वाईन घेतली तर तिखट अधिकच झोंबते. तिथे थोडी गोडसर शनँ बरी. बटाटेवडा, झणझणीत कोंबडी, लसणीची चटणी यांच्याशी तिचे जमते. लिंबू पिळलेली तळलेली सुरमई, कुरकुरीत बोंबील, कोथिंबीर वडी यांना सोव्हिन्यो. पदार्थ आंबट असेल तर वाईन निदान तेवढी आंबट हवी, नाहीतर ती पाण्यासारखी मिळमिळीत लागते. श्रीखंड, आमरस यांच्याबरोबर मात्र बिनगोडीची वाईन घेऊ नये. दोघांचीही चव जाते. त्या दिवशी आमरसाला एकट्याला मान द्यावा.

ज्या युरोपकडे पाहून आपण बिचकतो, तिथे तरी सुट्टीत काय करतात? ल्वार नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या लोकांची मुस्कादे नावाची हलकी वाईन असते, आणि ते ती कालवांबरोबर घेतात. पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यात 'विन्यो व्हेर्द' म्हणजे 'हिरवी वाईन' होते. हिरवी ती रंगाने नव्हे, वयाने. आपण 'कोवळी' म्हणू तशी. तिच्यात मद्यार्क बेताचा असतो आणि कधी कधी जिभेवर बारीक बुडबुडे नाचतात. ऑस्ट्रियात तर उन्हाळ्यात साध्या पांढऱ्या वाईनमध्ये चक्क सोडा घालून पितात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. या सगळ्या मुळात घरगुती, स्थानिक, रोजच्या गोष्टी. आपल्या जवळचे, ताजे आणि परवडणारे प्यावे, हा तिकडचा खरा धडा. लेबलाची पूजा करावी हा नव्हे.

आणि जवळचे म्हणाल तर आपल्यालाही पूर्वजांची साक्ष आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटले आहे आणि कापिशायन, हारहूरक अशी त्याची देशपरत्वे नावे दिली आहेत. कापिशायन म्हणजे कापिशीचे, आजच्या अफगाणिस्तानातले. मद्याला त्याच्या गावाचे नाव देण्याची रीत फ्रेंचांनी आपल्याला शिकवली असे नाही. म्हणून 'नाशिकची' हे विशेषण उच्चारताना आवाज खाली आणण्याचे कारण नाही.

बाटली निवडली, पण निम्मे काम अजून बाकी आहे. मे महिन्यात मोटारीची डिकी म्हणजे भट्टी. तीन तास त्या भट्टीत उकडलेली उत्तम वाईनही मुकामाला पोचेपर्यंत थकते. ती बर्फाच्या पेटीत, नाहीतर ओल्या टॉवेलात गुंडाळून माणसे बसतात तिथे पायाशी ठेवावी. प्यायच्या आधी दोन-तीन तास शीतपेटीत असावी. घाई असेल तर आइस्क्रीमचा जुना पॉट आठवा : बादलीत बर्फ, पाणी आणि दोन मुठी मीठ. मिठामुळे बर्फाचे पाणी शून्याखाली उतरते, आणि पाणी बाटलीला सगळीकडून भिडते. अर्ध्या तासात काम होते. आठ ते दहा अंश एवढा गारवा पुरे. त्याहून थंड केली तर वासच येत नाही. बर्फाच्या कप्प्यात ठेवून विसरली तर बाटली फुटते.

किती घ्यावी? एका बाटलीत ७५० मिलिलिटर असते. म्हणजे बेताचे पाच पेले. पिणारी चार माणसे असतील तर दोन संध्याकाळींना तीन बाटल्या भरपूर झाल्या. उरली तर झाकण लावून शीतपेटीत दोन-तीन दिवस बरी राहते. 'संपवून टाकू या' हे वाक्य ताकाच्या भांड्याशी शोभते, इथे नाही. प्रत्येक पेल्याबरोबर एक पेला पाणी असावे, कारण उन्हाळ्यात आधीच अंगातले पाणी आटलेले असते. आमच्या राज्यात १९४९ सालचा दारूबंदी कायदा अजून आहे आणि पिणाऱ्याने परवाना घ्यावा अशी त्यात तरतूद आहे. एका दिवसाचा परवाना दुकानातही मिळतो. आणि दोन गोष्टी हात जोडून सांगतो. पेला घेतलेल्याने मोटार चालवू नये. आणि समुद्रात उतरू नये. कोकणचा किनारा दिसायला शांत असतो, पण ओहोटीचे पाणी पोहणाऱ्याची सुद्धा गय करीत नाही. तिथे अर्धवट भान असलेल्याचे काय चालणार? स्वस्त बाटलीची खरी किंमत अशी मोजावी लागू नये.

राहता राहिली सर्वांत नाजूक गोष्ट : बरोबर येणारी, न पिणारी माणसे. सासूबाई असतात, काकू असतात, औषधे चालू असलेले मामा असतात, आणि नुसतेच 'मला नको' म्हणणारा एखादा तरुण असतो. त्याला 'अरे, एक घोट घे, काही होत नाही' असा आग्रह करणारा यजमान मला तरी असंस्कृत वाटतो. जिलबीच्या आग्रहाची आपली पद्धत इथे आणू नये. 'नको' या शब्दाचे कारण विचारू नये. कारण असले तर ते त्याचे आहे. मात्र त्याला स्टीलच्या पेल्यात पाणी देऊन कोपऱ्यातही बसवू नये. कैरीचे पन्हे किंवा कोकम सरबत तसेच गार करून, तशाच काचेच्या पेल्यात, त्याच तबकातून त्याच्यापुढे आणावे. तेही आंबट, तेही ताजे, तेही उन्हाळ्याचेच. सगळ्यांचे पेले एकदम वर जावेत. कोणाच्या पेल्यात काय आहे हे मोजत बसण्यासाठी आपण घर सोडून दोन दिवस बाहेर आलेलो नसतो.

त्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांकडे पुन्हा एकदा वळतो. त्यांच्या त्या भारदस्त बाटलीने नेमके काय केले असेल याचा मी विचार करतो. ती टेबलावर आली. तिच्या किमतीविषयी कुजबुज झाली. मेहुण्याने तिचे साल वाचले. आणि मग प्रत्येकाला तिच्याविषयी काहीतरी बोलणे भाग पडले. महाग बाटली पाहुण्यासारखी असते, तिची विचारपूस करावी लागते. साधी, ताजी, गार बाटली घरच्या माणसासारखी असते. ती आली म्हणून कोणी बोलणे थांबवत नाही. बहीण-भाऊ दोन वर्षांनी भेटलेले असतात, आईच्या गुडघ्याचे काय करायचे ते ठरवायचे असते, जुन्या वाड्याची एक आठवण निघालेली असते. शनिवार-रविवार एवढासा, त्यातल्या संध्याकाळी दोनच. त्या बाटलीविषयी बोलण्यात घालवायच्या की एकमेकांविषयी?

तेव्हा नाशिकची छाटणी होऊ द्या, घड धरू द्या. मे महिन्यात दुकानात उभे राहाल तेव्हा साल पाहा, सावलीतली बाटली मागा आणि खुशाल कमी किमतीची उचला. कोणी कोपर मारलेच तर म्हणा, "अगं, दादा आपल्याला भेटायला येतोय, बाटलीला नाही."